नाथाच्या तळ्यातली जटा

झुंबरबाई एखाद्या गोष्टीला "असंल बया" म्हणाली, असं पिंपळदऱ्यात कुणी कधी ऐकलेलं नाही. ती म्हणायची "हायच". नवी सून उंबऱ्यातून आत येताना कसा पाय टाकते यावरून तिला पहिला मुलगा होणार की मुलगी हे ती सांगून टाकायची, आणि पुढं उलटं झालं की सुनेचंच पाऊल चुकलं होतं असं ठरवून मोकळी व्हायची. पाऊस, हरभऱ्याचा घाटा, पोराचा खोकला, सरपंचाच्या मनातलं मत, सगळं तिला आधीच कळलेलं असायचं. बाकीच्यांना नंतर कळायचं, ते सुद्धा तिनं सांगितल्यावर.

तिच्या नवऱ्याचं नाव श्रीमंत. संसाराला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून पुरतं एक वाक्य भिंतीपलीकडं आलेलं नव्हतं. अर्धं तो बोलायचा, उरलेलं ती पुरं करायची, आणि बहुतेक वेळा ते त्याच्या मनात होतं त्याच्या उलटंच असायचं. त्याची काही तक्रार नव्हती. भाकर गरम मिळायची.

पाथर्डीच्या अंगाला गर्भगिरीचा डोंगर उतरत येतो, तिथं एका दऱ्यात हे गाव बसलं आहे. गावावरून चढ धरला, की धावडा-सालईचं रान लागतं, आणि रानाच्या मधोमध बशीसारख्या खोलगट जागेत नाथाचं तळं. नाव मोठं, तळं उथळ. भर श्रावणातसुद्धा उभ्या माणसाच्या कंबरेवर पाणी नाही, आणि उन्हाळ्यात ते आकसत आकसत मधल्या डबक्यावर येतं. पण एवढ्याशा पाण्यात केवढा संसार. टिबुकल्या पाखरं बुड्या मारायची, बेडूक रात्रभर भांडायचे, बोटाएवढे मळे मासे काठाशी झुंडीनं फिरायचे. पांढरी कमळं तर अशी फुलायची की पहाटे रानात चांदणं सांडून राहिल्यासारखं वाटावं. ही कमळं रात्री उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. म्हणून ती बघायला पहाटेच उठावं लागतं. आणि दुपारी, कमळं मिटल्यावर, गावातल्या म्हशी तळ्यात उतरायच्या आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून दिवस मावळेपर्यंत बसायच्या. त्यांच्या पाठीवर बगळे बसायचे. हे आजा-पणजापासून चालू होतं आणि त्याकडं कुणी मुद्दाम बघितलेलंही नव्हतं.

तळ्याच्या काठावर नाथाचं ठाणं आहे, दगडाचं, पुढं धुनी. श्रावणातल्या सोमवारी आणि शिवरात्रीला तळ्याचं पाणी आणि तळ्याचीच कमळं देवाला घालायची, हा मान झुंबरबाईच्या सासऱ्याच्या घराचा. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा हा मान थोरल्याकडं, म्हणजे श्रीमंतकडं आला, आणि धाकट्याकडं म्हशी गेल्या. झुंबरबाईला वाटलं, आपण जिंकलो. धाकटी जाऊ छबूबाई दूध विकायला लागली.

झुंबरबाईच्या गोठ्यात गाई होत्या, आणि गाई-म्हशींबद्दलही तिचं मत पक्कं होतं. गाय काठावर उभी राहते, घोट घोट पिते आणि निघते. म्हैस पाण्यात बसते, पाण्यातच सगळं उरकते आणि वर तेच पाणी पिते. "गाय म्हंजी सुवाशीन," ती म्हणायची, "आन म्हैस म्हंजी..." आणि मग धाकट्या जावेच्या घराकडं बघून पुढचं पोटात ठेवायची. ते ऐकणाऱ्याला बरोबर ऐकू जायचं.

सत्तर सालच्या शिवरात्रीला ते घडलं. झुंबरबाई नवं इरकली लुगडं नेसून, तळ्यातून कळशी भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून ठाण्याकडं निघाली होती. मागं बाया, पुढं वाजंत्री. काठाच्या चिखलात छबूबाईची राणी नावाची म्हैस बसलेली होती. वाजंत्र्यानं सनई फुंकली तशी राणी दचकून उठली आणि म्हशी उठल्यावर जे करतात ते तिनं केलं. नखशिखान्त अंग झटकलं. कळशीत चिखल, लुगड्यावर चिखल, झुंबरबाईच्या नथीला चिखल. वाजंत्रीवाला हसला, मग बाया हसल्या. छबूबाई सगळ्यात शेवटी हसली, पण सगळ्यात जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक. सरपंच आबासाहेब गादीवर बसले होते. या आबासाहेबांची रीत अशी की ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं त्यांना पटायचं, म्हणजे झुंबरबाई उभी राहिली तेव्हाच निकाल लागलेला होता.

"आबासाहेब, मला एकच सांगा," ती म्हणाली. "तळ्यात आधी आंघोळ म्हशी करत्यात आन मागनं देव. ही कुठली रीत?"

बैठकीत हूं हूं झालं. असा विचार कुणी केलेला नव्हता, आणि एकदा ऐकल्यावर तो डोक्यातून जाईना.

"म्हशी काय आजच्या उतरत्यात तळ्यात?" छबूबाई मागून म्हणाली.

"चूक जुनी झाली म्हनून रीत हुती व्हय?"

"न्हाई, पन वैनी, म्हशींनी जावं कुठं?" आबासाहेबांनी उगीच विचारलं.

"हिरी हायत. बादली हाय. हात हायत."

धुनीतला अंगारा पारावर आला आणि घरटी एकेकानं कपाळाला लावून शपथ घेतली, की नाथाच्या तळ्यात आम्ही म्हैस घालणार नाही. छबूबाईनंही लावला. काय करते? नाथाच्या अंगाऱ्याची शपथ मोडली तर काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी मोडलेलीच नव्हती, आणि म्हणूनच सगळे घाबरून होते.

आणि खरं सांगायचं तर पहिलं साल झुंबरबाईचंच झालं. पाऊस आला, तळं भरलं, आणि पाणी असं निवळ की तळाचं शेवाळ दिसावं. त्या श्रावणात कमळं इतकी आली की देव नाकापर्यंत बुडाला. पुजारी गोरक्षबुवाला देवाला श्वास घेता यावा म्हणून हार खाली ओढावा लागला. शेजारच्या वाडीवरच्या बाया तळं बघायला आल्या. झुंबरबाई त्यांना काठानं फिरवून दाखवायची, जसं काही तळं तिनंच माहेराहून आणलंय. इकडं छबूबाई विहिरीवर बादलीनं म्हशी भिजवत होती. म्हशी बादलीला हसत होत्या आणि दूध आटत चाललं होतं. झुंबरबाई विहिरीवरून जाताना मुद्दाम थांबायची आणि म्हणायची, "बग की, किती सोच्छ दिसत्यात." छबूबाई पुढची बादली जरा जोरात ओतायची.

तळ्याला ओढा येऊन मिळतो, तिथं पाणकणसाचा एक झुबका पहिल्यापासून होता. पुरुषभर उंच हिरवी पाती, वर कणसासारखे तपकिरी गोंडे. दिवाळीनंतर तो झुबका मोठा दिसायला लागला. संक्रांतीला त्यानं तळ्याची एक बाजू धरली. हे गवत वरून दिसतं त्यापेक्षा खालून जास्त चालतं. चिखलातून त्याची मुळी सरपटत जाते आणि हातभर पुढं जाऊन डोकं वर काढते. ते डोकं, म्हणजे कोवळा कोंब, म्हशीला गुळासारखा लागतो. आजा-पणजापासून म्हशी ते कोंब खात होत्या आणि उरलेले खुरांखाली तुडवत होत्या, म्हणून तो झुबका झुबकाच राहिला होता. आता खाणारं कुणी नव्हतं.

गोरक्षबुवा विळा घेऊन आला. "आक्का, पानकनीस लई फुटायलंय. जरा छाटू का?"

इथं झुंबरबाईनं "छाट" म्हटलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण तळ्याबद्दल कुणीतरी आपल्याला काही सुचवावं, हे तिला रुचेना. आणि उत्तर तर तिच्या तोंडात कायमच तयार.

"कापतो? आरं ती नाथाची जटा हाय. पानी सोवळं झालं म्हनून देवानं जटा मोकळ्या सोडल्यात."

गोरक्षबुवानं विळा पाठीमागं लपवला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढच्या सोमवारी पाणकणसापुढं दोन नारळ फुटले, आणि महिन्याभरात बायांनी त्याच्या पात्यांना नवसाचे दोरे बांधले. म्हणजे शपथेनं म्हशी गेल्या होत्या, आता विळाही गेला. झुंबरबाईनं स्वतःच्या हातानं दार लावलं आणि किल्ली आत टाकली, आणि वर दाराला हळद-कुंकू वाहिलं.

उन्हाळ्यात जटा वाळल्या, मोडून पाण्यात पडल्या आणि कुजल्या. पाणी चहासारखं झालं. टिबुकल्यांना बुडी मारायला उघडं पाणी राहिलं नाही, त्या गेल्या. म्हशी नाहीत म्हणून बगळे आधीच गेले होते. मळे मासे उलटे होऊन काठाला लागले. आणि जटांच्या आत, जिथं आता माणूस जाऊ शकत नव्हता, तिथं रानडुकरांनी घर केलं. चांगलं सोवळं घर, देवाच्या राखणीतलं. रात्री ती खाली उतरायची, भुईमूग उकरायची आणि परत जटेत जाऊन झोपायची. हाकलायला आत कोण जाणार? सगळ्यात जास्त भुईमूग श्रीमंतचा गेला, कारण त्याचं रान डोंगराला लागून.

"तू ती जटा..." श्रीमंत एका सकाळी उकरलेल्या वाफ्याकडं बघत म्हणाला.

"जटा म्हनलं म्हनून डुकरं आली व्हय? यायचीच हुती," झुंबरबाईनं वाक्य पुरं केलं. पण त्या दिवशी तिनं त्याच्या ताटात गूळ जरा जास्त वाढला.

एकाहत्तरचा पाऊस हात राखून पडला. तळं अर्धंमुर्धं भरलं, आणि कमी पाण्यात जटांना आणखीच जोर आला. श्रावणातला पहिला सोमवार उजाडला. झुंबरबाई पहाटे परडी घेऊन गेली. कमळ नाही. पात्यांच्या सावलीत दोन-चार पिवळी पडलेली पानं होती, तेवढीच. ती कण्हेरीची फुलं घेऊन ठाण्यावर आली.

"यंदा देवाला कन्हेर पायजेल हाय," तिनं गोरक्षबुवाला सांगितलं. त्यानं मुकाट्यानं वाहिली.

दुसऱ्या सोमवारीही कण्हेर. आता बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. आबासाहेबांनी पारावरून हाक मारली, "वैनी, कमळं कुठं गेली म्हनायची?"

"देवाच्या जटेत गेली."

"हां हां," आबासाहेब म्हणाले. पण त्यांच्या "हां"मध्ये नेहमीची खात्री नव्हती, आणि झुंबरबाईला ते ऐकू आलं. तिला सगळं ऐकू यायचं. घरी येऊन तिनं परडी खुंटीला टांगली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत बसली. ती नवी नवरी होती तेव्हा सासूनं हात धरून तिला या तळ्यात उतरवलं होतं आणि कमळाचा देठ मुळापासून कसा ओढायचा ते शिकवलं होतं. गार पाणी, पायाखाली मऊ चिखल, हातात पहिलं फूल. घरात आल्यावर कुणी तिला काही दिलं होतं असं ते पहिलंच. झुंबरबाईच्या हयातीत ते संपलं, असं उद्या गाव म्हणणार. आणि मुख्य म्हणजे ते खरं असणार.

तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी ती तळ्याच्या पलीकडच्या अंगाला गेली, जिकडं करवंदीच्या जाळ्या आहेत आणि कुणी फिरकत नाही. एखादं तरी कमळ हुडकायचंच, असं ठरवून. लुगडं जाळीत अडकलं, ते तिनं सोडवलं, जाळीला दोन शब्द सुनावले, आणि वर बघितलं तर बगळे.

बगळे बसले होते कशावर, तर राणीच्या पाठीवर. जटांच्या भिंतीआड एक गोल, उघडं पाणी होतं, खळ्याएवढं. त्यात राणी नाकापर्यंत बसलेली, दाव्याचा तुटका तुकडा गळ्यात. आणि तिच्या चारी बाजूंनी कमळं. पांढरीशुभ्र, अजून न मिटलेली.

झुंबरबाईच्या तोंडात पहिला शब्द आला तो छबूचा. शपथ मोडली. नाथाच्या अंगाऱ्याची. आता पारावर उभं राहून एकदाच नाव घेतलं की झालं. कमळं का गेली, डुकरं का आली, पाऊस का रोडावला, सगळ्याचं उत्तर एका घासात. गाव तिच्या बाजूला, छबू कायमची खाली मान घालून. तिनं काठी उचलली आणि आरोळी ठोकायला छाती भरून घेतली.

तेवढ्यात राणीनं मान लांब केली, एका कोवळ्या कोंबाभोवती जीभ गुंडाळली आणि तो टचकन तोडला. मग दुसरा. एक कमळाचं पानही त्यात गेलं, नाही असं नाही, पण जिथून कोंब तुटला तिथं पाण्यावर ऊन पडलं. काठाशी ती उठून वळली तेव्हा तिच्या खुरांखाली जुनी मुळी कुचकन मोडली आणि चिखलातून किडे वर आले. बगळ्यांनी ते टिपले. खाली उरल्यासुरल्या मळे माशांची झुंड होती. तिनं सोडलेल्या शेणाभोवतीच ती जास्त दाट होती.

झुंबरबाईनं काठी खाली ठेवली आणि दगडावर बसली. ऊन वर आलं, कमळं मिटायला लागली, ती बसूनच. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, पण ज्या बाईला सगळं आधीच कळलेलं असतं, तिला एखादी गोष्ट मागाहून कळली की बसायला दगडच लागतो. शेवटी ती पाण्यात उतरली, चार कमळं ओढली, परडीत घातली आणि सरळ धाकट्या जावेच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या दारात ती चिखल उडाला त्या शिवरात्रीपासून गेलेली नव्हती.

छबूबाई दुधाची चरवी घासत होती.

"रानी कुठं हाय?"

"गोठ्यात."

"गोठ्यात न्हाई. तळ्यात हाय."

चरवीवरचा हात थांबला. छबूबाईनं परडीकडं बघितलं, मग थोरल्या जावेकडं. "मी न्हाई घातली, आक्का. धार काढली की दावं तोडती आन जाती. शपथ मी घेतली, म्हशीला कुनी अंगारा लावला हुता?"

"लावायला पायजे हुता."

"मग लाव की आता. आली की धरून ठिवते."

"कवापास्नं जाती?"

"औंदाच्या पयल्या पावसापास्नं."

"आन तू गप ऱ्हायलीस."

"तू बोलाया लागल्यावर दुसऱ्याला जागा ऱ्हाती का?"

झुंबरबाई उंबऱ्यावर बसली. विचारल्याशिवाय बसली, ही गोष्ट छबूबाईनं ध्यानात ठेवली.

"तिथं कमळं हायत, छबू."

"ठावं हाय मला. रोज तिला आनायला जाते."

"मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं, तर तू म्हनली असतीस, जटेतनं फुटली."

झुंबरबाई तसंच म्हणाली असती. म्हणून तिनं परडीतली कमळं उगीच सारखी केली. छबूबाईला तिची कीव आली की मजा वाटली, देव जाणे. तिनं शिंक्यावरचं उरलंसुरलं दूध वाटीत ओतलं आणि पुढं केलं. झुंबरबाई म्हशीचं दूध पीत नसे. प्यायली.

"समद्या म्हशी परत घालायच्या," वाटी खाली ठेवत ती म्हणाली. आवाजात परत धार आली होती.

"आन शपथ?"

"ती मी सोडवते. उद्या कौल लावते नाथाला."

"देव न्हाई म्हनला तर?"

"न्हाई कसा म्हनंल?"

"म्हनंल की. त्यो तुझा नवरा हाय व्हय?"

झुंबरबाई हसली नाही, पण तिच्या नथीखाली काहीतरी हाललं. छबूबाई पुढं झुकली. "एक सांगते, आक्का. कौल मिळाला तरी पयली म्हैस घालायला गावात कुनी तयार हुनार न्हाई. समद्यांच्या म्हशीत जीव हाय. रानी मी देते. पन ती एकटी जानार न्हाई. तिचं शेपूट तू धरायचं. देव कोपला तर दोघींवर कोपू दे."

"शेपूट?"

"शेपूट."

झुंबरबाईनं लुगड्याचा पदर झटकला. "धरते की. त्यात काय."

तिसऱ्या सोमवारी ठाण्यापुढं गाव जमलं. कौल लावायचा म्हणजे देवाच्या दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गोरक्षबुवानं कमळाच्याच पाकळ्या लावल्या. ह्या पाकळ्या जाड आणि रसाळ, आणि दगड थंड. चिकटल्या त्या चिकटल्या.

"नाथबाबा," झुंबरबाईनं सुरुवात केली, "तळ्याला आता जटा भरपूर झाल्या. तुजं बी मन भरलंय. तर म्हशींनी जरा येऊन त्या नीट कराव्या, म्हंजी विंचराव्या म्हन, अशी गावाची इच्छा हाय."

पाकळ्या हालल्या नाहीत. वारा पडला होता. कुणाचं तरी पोर रडलं आणि गप्प झालं. बराच वेळ गेला. झुंबरबाई देवाकडं बघत होती आणि गाव झुंबरबाईकडं.

"वैनी, देव इचारात पडला," आबासाहेब म्हणाले.

"आक्का, सरळ इचारा," गोरक्षबुवा हळूच म्हणाला. "कौलाला आडवळन चालत न्हाई."

तिनं मागं बघितलं. छबूबाई राणीचं दावं धरून उभी होती आणि आभाळाकडं बघत होती. झुंबरबाई परत वळली. आवाज मात्र तोच, उमेदीचा, पारावरचा. जे बोलायचं ते पडेल आवाजात बोलणं तिला येतच नव्हतं.

"बरं. ऐक मग. शिवरातीला माझ्या अंगावर चिखल उडाला आन हिनं मला हसलं, म्हनून मला राग आला हुता. तुज्या आंघोळीचं मी निमित्त केलं. तुला काय म्हशींचा तरास नव्हता. आन ती जटा तुजी न्हाई. ते पानकनीस हाय. जटा मीच म्हनाले. तू काय म्हनाला नव्हतास."

मागच्या बायांमध्ये एक आवाज उमटला, जसा तापल्या तव्यावर पाणी पडल्यावर येतो. जिनं पाणकणसाला दोरा बांधला होता तिनं तोंडाला पदर लावला. आणि डावी पाकळी हालली. सगळ्यांनी बघितलं. डावी पाकळी दगडावरून बोटभर खाली सरकली.

झुंबरबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं. सुनेकडं बघावं तसं. "तू थांब," ती म्हणाली.

पाकळी थांबली. आणि उजवी पडली.

गोरक्षबुवानं फुंकर मारली असं म्हणणारे आजही गावात आहेत. पाकळी झुंबरबाईच्याच श्वासानं पडली असंही काही म्हणतात, आणि तो श्वास बघितलेल्यांना त्यात काही अशक्य वाटत नाही. त्या घटकेला मात्र "कौल मिळाला," गोरक्षबुवा म्हणाला, आणि गाव तळ्याकडं वळलं.

काठावर येऊन गाव उभंच राहिलं. छबूबाईनं सांगितलं होतं तसंच झालं. म्हशीवाले पुष्कळ होते, पण प्रत्येकाला एकाएकी आपल्या म्हशीचं खूर दुखत असल्याचं आठवलं. छबूबाईनं दावं सोडलं. झुंबरबाईनं कासोटा घट्ट केला, राणीचं शेपूट दोन्ही हातांनी धरलं, आणि म्हैस पुढं, बाई मागं, अशा दोघी पाणकणसात शिरल्या.

पाती कडाकड मोडली. गुडघाभर, मग मांडीभर पाणी. झुंबरबाई आत दिसेनाशी झाली, फक्त तिचा आवाज येत होता. "हिकडं. हिकडं न्हाई, हिकडं. खा की. त्यो खा, कवळा हाय." आणि अचानक आतून डुकरांचा कळप उधळला. मोठी, बारकी, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. सगळी लोकांच्या पायांमधून रानात. वाजंत्रीवाला पळाला, आबासाहेब धावड्याच्या खोडाला मिठी मारून उभे राहिले आणि डोळे मिटून "गेली का, गेली का" विचारत राहिले. श्रीमंत मात्र काठावरून हालला नाही. त्याच्या भुईमुगाची डुकरं जाताना तो पहिल्यांदाच मोजून बघत होता आणि हसत होता.

गलका शमला तेव्हा जटांमध्ये एक वाट पडलेली दिसली, आणि त्या वाटेच्या टोकाला राणी बसलेली. तिच्यामागं कंबरभर चिखलात झुंबरबाई, पदराला पाती चिकटलेली, शेपूट तसंच हातात.

"घाला आता तुमच्या," तिनं तिथून गावाला फर्मावलं. "उभं ऱ्हाऊन काय बघता? एकेक म्हैस हिकडनं, एकेक तिकडनं. मधी सोडू नका, कडंनं खाऊ द्या. पानी कमी हाय तवरच मुळी तुडवली पायजे."

पहिली म्हैस उतरली, मग दुसरी, मग लोकांना एकमेकांच्या म्हशी पुढं जाऊ देणं सोसवेना. दुपार कलायच्या आत तळ्यात इतक्या नाकपुड्या दिसू लागल्या की बगळ्यांना बसायला पाठ निवडता येईना.

छबूबाई काठाशी आली. "आक्का, सोड की शेपूट आता. बसलीया ती. खातीया."

"मी धरलंय म्हनून खातीया," झुंबरबाई म्हणाली, आणि तिनं पकड आणखी घट्ट केली.